साठ टक्क्यांची रम घरात आली, आता?

वारज्यातल्या घरांना रम नवी नाही. एनडीए रोडच्या आजूबाजूला निवृत्त फौजी मंडळी मुबलक. त्यामुळे कँटीनची ट्रिपल एक्स कुणाकडे ना कुणाकडे असतेच, आणि डिसेंबरच्या थंडीत कोमट पाण्यातला एक पेग हा इथला जुना रिवाज आहे. पण हल्ली कपाटांत वेगळ्याच बाटल्या दिसू लागल्यात. मुलगा लंडनहून आणतो, जहाजावरचा जावई आणतो, कंपनीतला साहेब भेट देतो. लेबलवर जमैका नाहीतर बार्बाडोस, ‘पॉट स्टिल’ हे शब्द, काही वर्षांचा आकडा आणि कोपऱ्यात ६० टक्के.

मग प्रश्न सुरू होतात. ‘घसा सोलून निघाला हो, ही अशीच असते का?’ ‘नेलपॉलिशचा वास येतोय, खराब झाली असेल का?’ ‘कोकमध्ये घातली तर चालेल?’ ‘पाणी घातलं तर अपमान होतो म्हणे?’ ‘घरात ठेवायला परवाना लागतो का?’ एका गृहस्थांनी तर बाटली बनावट समजून मोरीत ओतली. चांगली दहा वर्षं पिंपात मुरलेली होती ती.

या सगळ्यांना मिळून एकच सांगणं आहे. ही रम म्हणजे आपल्या नेहमीच्या रमचा कडक अवतार नव्हे. ती थोडी घ्यायची, बेताचं पाणी घालून घ्यायची आणि निम्म्याहून जास्त नाकाने घ्यायची. त्यातले बहुतेक वास तुमच्या नाकाला आधीपासून ठाऊक आहेत. कसे, ते पुढे येईलच.

आधी लेबल वाचा

सगळ्यात मोठा घोळ ‘प्रूफ’ या शब्दाचा. देश बदलला की त्याचा अर्थही बदलतो, म्हणून फक्त टक्का बघा.

- भारतीय बाटली: ‘७५ अंश प्रूफ’ किंवा ‘२५ यूपी’ म्हणजे ४२.८ टक्के. ओल्ड मंक याच ताकदीची. ही मोजणी इंग्रजांची. रमने भिजवलेली बंदुकीची दारू पेटली तर रम खरी, या जुन्या समजुतीतून ती आली. त्या हिशेबात १०० प्रूफ म्हणजे सुमारे ५७ टक्के.
- अमेरिकी बाटली: तिथे प्रूफ म्हणजे टक्क्याची सरळ दुप्पट. १२० प्रूफ म्हणजे ६० टक्के.
- युरोपातून आलेली बाटली: तिथे टक्काच छापतात. प्रश्न मिटला.

दुसरी गोष्ट वयाची. कडक म्हणजे जुनी, हा गैरसमज फार पसरलेला आहे. विमानतळावर सहज मिळणारी रे अँड नेफ्यू ६३ टक्क्यांची आहे, पण ती पांढरी आणि न मुरवलेली. ती वाईट मुळीच नाही, फक्त तिच्याकडून लाकडाचा वास मागू नका. वय स्पष्ट लिहिलेलं असेल, तर जमैका आणि बार्बाडोसच्या बाटलीवर तो आकडा मिश्रणातल्या सर्वांत तरुण रमचा असतो. ‘सोलेरा’ या शब्दाशेजारी नुसताच एखादा मोठा आकडा दिसला, तर मात्र ते वय समजू नका. त्यात बरीच तरुण रमही मिसळलेली असते.

आणि तो दहा-बारा वर्षांचा आकडा उष्ण हवेतला असेल तर त्याला मान द्या. स्कॉटलंडच्या गार गोदामात पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के द्रव उडून जातो. जमैकाच्या उकाड्यात हेच प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणजे दहा वर्षांत पिंप जवळजवळ निम्मं रिकामं. किंमत बघून भुवया उंचावतात, त्याचं एक कारण हे.

बाटली कुठल्या गावची?

भारतीय क्रिकेट संघाच्या १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्याने मराठी घरांना कॅरिबियन गावांची नावं पाठ करून दिली. तोच नकाशा इथे चालतो.

- किंग्स्टन, म्हणजे जमैका. दिलीप सरदेसाईंनी २१२ काढले ते गाव. सगळ्यात उग्र आणि सगळ्यात सुगंधी पॉट स्टिल रम याच बेटाची. हॅम्पडेन आणि वर्दी पार्क या दोन भट्ट्या फक्त पॉट स्टिल वापरतात. ॲपल्टन पॉट आणि कॉलम (हा फरक पुढे येईलच) यांचं मिश्रण करते, म्हणून ती जरा सौम्य लागते. पहिलीच वेळ असेल आणि निवड हातात असेल, तर ॲपल्टन किंवा वर्दी पार्कपासून सुरुवात करा. हॅम्पडेन नंतर.
- ब्रिजटाउन, म्हणजे बार्बाडोस. फोरस्क्वेअर, माउंट गे. इथेही बहुतेक मिश्रणच. गोलाई जास्त, आरडाओरडा कमी.
- जॉर्जटाउन, म्हणजे गयाना. गावसकरांचं पहिलं कसोटी शतक इथलं. हे बेट नव्हे, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा देश. पण रमच्या दुनियेत तो कॅरिबियनच. इथल्या डेमेरारा रमसाठी लाकडाच्या पॉट स्टिल अजून वापरात आहेत. ‘पोर्ट मोरांट’ किंवा ‘व्हर्साय’ हे शब्द दिसले तर दाट, काळपट, ज्येष्ठमधासारख्या चवीची तयारी ठेवा.
- पोर्ट ऑफ स्पेन, म्हणजे त्रिनिदाद. गावसकरांनी एकाच कसोटीत १२४ आणि २२० केले, ते. इथली करोनी भट्टी २००३ मध्ये बंद पडली. तिची रम मुख्यतः पॉट स्टिलची नव्हे. तरीही कुणी करोनीची बाटली दिलीच, तर उघडण्याआधी तिची आजची किंमत विचारा. संग्राहक तिच्यासाठी अवाच्या सवा पैसे मोजतात.

वास इतका का येतो?

गरजेपुरतं सांगतो. आपल्याकडची बहुतेक रम कॉलम स्टिलमध्ये बनते. उंच मनोरा, अखंड चालणारी प्रक्रिया, बाहेर पडणारं मद्य जवळपास कोरं. पॉट स्टिल म्हणजे मोठं भांडं. एक घाणा घालायचा, उकळायचा, रिकामा करायचा, पुन्हा भरायचा. यात वास देणारे घटक मद्यात टिकून राहतात. जमैकात त्याआधी मळी बरेच दिवस आंबू देतात, आणि त्यात मागच्या घाण्याचं उरलेलं आंबट पाणीही घालतात. त्यातून ‘एस्टर’ नावाचे सुवासिक पदार्थ तयार होतात. पिकल्या केळ्याचा आणि अननसाचा वास याच घटकांचा, आणि नेलपॉलिशचाही. म्हणजे तो वास रम बिघडल्याची खूण नाही.

हॅम्पडेनच्या बाटलीवर एचएलसीएफ, डीओके अशी अक्षरं असतात. ती एस्टरचं प्रमाण सांगतात. एचएलसीएफ मध्यम-तीव्र. डीओके सगळ्यात वरची पायरी. ही जात मुळात नुसती प्यायला बनलेलीच नव्हती. जर्मनीत साध्या मद्याला वास लावायला ती मिसळायचे, आपण भातात हिंग टाकतो तितकीच. तेव्हा पहिलीच बाटली डीओके निघाली आणि तुम्हाला ती झेपली नाही, तर दोष तुमचा नाही.

तयारी: खर्च फारसा नाही

- ग्लास: तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता. खास ग्लास नसेल तर छोटा वाइन ग्लास चालेल. कटिंगचा पेला नको, त्यातून वास उडून जातो. ब्रँडीचा मोठा फुगा तर नकोच. त्यात मद्याची वाफ साठते आणि नाकाला चटका बसतो.
- माप: खोकल्याच्या औषधाबरोबर येणारी मापाची टोपी, किंवा मेडिकलमधली ५ मिलीची बिनसुईची सिरिंज. अंदाजपंचे ओतू नका. ६० टक्क्यांत अंदाज चुकला तर महागात पडतो.
- पाणी: पिण्याचं साधं, सामान्य तापमानाचं. सोसायटीच्या टाकीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळलेलं असेल तर ते नको. जड पाण्याने चव बदलते. बर्फ सुरुवातीला अजिबात नको, गारठ्याने वास मिटून बसतो.
- झाकण: एक छोटी वाटी किंवा बशी, ग्लासवर पालथी घालायला.
- रिकामा मग: थुंकायला. हसू नका. चव घेणारे व्यावसायिक लोक चूळ भरल्यासारखी रम तोंडात फिरवून थुंकतात. दोन-तीन बाटल्या एका बैठकीत चाखायच्या असतील तर दुसरा उपाय नाही.

वेळ जेवणाआधीची निवडा. स्वयंपाकघरात फोडणी पडत असेल, देवघरात उदबत्ती असेल, कुणी डिओ मारून आलं असेल, तर बाल्कनी गाठा. आधी तासभर पान, मसाला सुपारी, चकली, ठेचा बंद. रिकाम्या पोटी मात्र बसू नका. अर्धी पोळी किंवा थोडा भात पोटात असू द्या.

एक गंभीर सूचना. ६० टक्के मद्याची वाफ साधारण २३ अंश तापमानालाही ज्योतीने पेट घेऊ शकते, आणि पुण्यातल्या बहुतेक संध्याकाळी त्याहून उबदार असतात. निरांजन, गॅस, मेणबत्ती, सिगारेट यांपासून उघडी बाटली दूर. खरी आहे का बघू म्हणून काडी लावायचा उद्योग तर कुणीच करू नये.

पहिला घोट: घाई करू नका

माझी स्वतःची पहिली बैठक फसली ती इथेच. व्हिस्कीच्या सवयीने नाक थेट ग्लासात खुपसलं, पाठोपाठ मोठा घोट घेतला. डोळ्यांत पाणी, जीभ बधिर. त्या संध्याकाळी पुढे मला शेंगदाण्याचीही चव लागली नाही. तुमचं असं होऊ नये, म्हणून क्रम सांगतो.

१. २० मिली ओता, वाटीने झाका, १५-२० मिनिटं विसरून जा. वरवरची तिखट वाफ या वेळात ओसरते. बाटली बरीच जुनी असेल तर अर्धा तासही द्या.

२. झाकण काढून ग्लास हनुवटीशी धरा. हो, हनुवटीशी. नाकाशी नाही. तोंड किंचित उघडं ठेवा आणि साधा श्वास घ्या. एवढ्या अंतरावरूनही पिकलेल्या फळांचा वास आला, तर रम पॉट स्टिलची असण्याची शक्यता बरीच.

३. मग हळूहळू वर आणा. नाक ग्लासच्या वरच्या काठाशी. सुरसुरून हुंगायचं नाही, छोटे श्वास घ्यायचे. झोंबलं की ग्लास दूर करून आपल्याच मनगटाचा वास घ्या, नाक ताळ्यावर येतं.

४. पहिला घोट अर्ध्या चमच्याचा. तो चवीसाठी नसतोच. जिभेला पूर्वसूचना देण्यासाठी असतो. जिभेवर फिरवा, गिळा किंवा थुंका. जळजळ होईल. मिनिटभर थांबा.

५. दुसरा घोटही तेवढाच. आता तोंडात दहा सेकंद धरा. लाळ मिसळली की रम आपोआप सौम्य होते. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. खरी चव याच श्वासात येते. बहुतेक जण नेमके इथे बोलायला लागतात आणि ती हुकते.

६. आता पाणी.

ग्लासच्या आतून ओघळणाऱ्या रेघा बघून ‘क्या बात है’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्या रेघा मद्याचं प्रमाण दाखवतात, दर्जा नाही. रंगाचंही तसंच. गडद रंग जळक्या साखरेचा असू शकतो. वरून साखर घातली आहे का, हे बघायचं असेल तर दोन थेंब तळहातावर चोळा. मद्य उडून गेल्यावर हात चिकट लागला तर साखर असण्याची शक्यता बरीच. त्या कोरड्या हाताचा वासही घेऊन बघा. पिंपाच्या लाकडाचा वास इथे छान उमटतो.

पाणी किती घालायचं?

भरपूर लोक इथे अडतात. ‘नीट’ घेणं म्हणजे मर्दानगी, ही समजूत कुणी पसरवली कोण जाणे. भट्टीतले तज्ज्ञ स्वतः पाणी घालून चव घेतात. साठ टक्क्यांच्या रमला पाणी घातलं की जिभेवरची आग कमी होते आणि मद्याखाली दबलेले वास वर येतात.

हिशेब सोपा आहे. ओतलेली रम गुणिले तिचा टक्का, भागिले हवा तो टक्का. येणारा आकडा म्हणजे एकूण मिली. चहाचा छोटा चमचा ५ मिलीचा धरा.

- २० मिली, ६० टक्के: पाऊण चमचा पाणी घातलं की ५० टक्क्यांवर येते.
- तीच रम: दोन चमचे घातले की ४० टक्के, म्हणजे आपल्या नेहमीच्या रमपेक्षा किंचित सौम्य.
- २० मिली, ६३ टक्के: दोन चमचे घातले की ४२ टक्के.

एकदम ओतू नका. पाव-पाव चमचा घाला, दोन मिनिटं थांबा, हुंगा, घोट घ्या. कुठेतरी एका टप्प्यावर रम ‘उघडते’. तुमचा टप्पा कुठला, हे वहीत लिहून ठेवा. माझा बहुतेक जमैकन रमसाठी ४८ ते ५० च्या दरम्यान पडतो, गयानाच्या रमला त्याहून कमी पाणी पुरतं. पाणी जास्त झालं आणि चव पातळ लागली, तर पाच मिली रम वरून घाला. बिघडलं काही नाही.

पेगचा हिशेबही बदला. ४२.८ टक्क्यांच्या ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये सुमारे १३ मिली शुद्ध मद्य असतं. ६० टक्क्यांच्या २० मिलीमध्ये १२. म्हणजे या बाटलीचा छोटा पेग २० मिलीचा. सवयीने ६० मिलीचा मोठा पेग भरलात, तर जवळजवळ तीन छोटे पेग एका दमात पोटात गेले असं समजा. पाहुण्यांना ओतून देताना ही चूक हमखास होते.

वासाला नाव द्यायचं तर आपलंच द्या

परदेशी चाखणाऱ्यांच्या नोंदी वाचून लोक बिचकतात. ब्राइन, टोफी, जिंजरब्रेड. यातलं आपण रोज काय खातो? नोंद वहीत मराठीतच करा. नाक जिथे वाढलं तिथलेच शब्द त्याला पटकन सापडतात. सुरुवातीला ही यादी जवळ ठेवा.

- बरका फणस. कापा नव्हे. उन्हाळ्यात स्वयंपाकघरात ठेवून दोन दिवस झालेला, घरभर पसरलेला. जमैकन रमचं याहून चांगलं वर्णन मला तरी अजून सापडलेलं नाही.
- काळी पडलेली वेलची केळी, शिकरणाच्याही पलीकडे गेलेली.
- रसवंतीमागचा चिपाडांचा ढीग, दुपारच्या उन्हात आंबलेला.
- गुऱ्हाळ आणि काकवी. कोल्हापूरकडचे असाल तर पहिल्याच श्वासाला आठवण येईल.
- पंक्चरवाल्याचं सोल्युशन. हायवेच्या सर्व्हिस रोडवर टायर घासून चिकटवताना येतो तो. ऐकायला विचित्र, ग्लासात मात्र गोड वाटतो.
- कैरीच्या लोणच्याचा खार. परदेशी लोक ऑलिव्ह म्हणतात, ते साधारण हेच.
- लवंग, जायफळ, व्हॅनिला, सुकं खोबरं. हे पिंपाकडून आलेलं. रम जितकी मुरलेली, तितकं हे पुढे आणि फणस मागे.
- ज्येष्ठमध, खजूर, जळका गूळ. बहुधा गयाना.

मालवण-वेंगुर्ल्याकडची किंवा गोव्याकडची मंडळी वारज्यात बरीच आहेत. त्यांना हा अभ्यास सोपा जातो, कारण काजू फेणी हीसुद्धा भांड्यातूनच गाळलेली आणि तितकीच नाकाला भिडणारी. फेणीचा पहिला वास ज्याने सहन केला, पुढे आवडून घेतला, त्याला हॅम्पडेन परकी वाटत नाही. उलट ज्यांनी जन्मभर फक्त व्हॅनिलाच्या वासाची गोडसर रम घेतली, त्यांना दोन-तीन बैठका द्याव्या लागतात. परदेशी बाटली हाताशी नसेल तर सरावासाठी चांगली फेणी आणा. भारतातली, हरियाणात बनलेली कामिकारा ही उसाच्या रसाची १२ वर्षं मुरवलेली ५० टक्क्यांची रमही आहे, मात्र ती मोजक्याच संख्येने निघाली.

बरोबर खायला काय? चाखून झाल्यावर आंबापोळी, फणसपोळी, भाजलेले काजू, लोणावळ्याची चिक्की. तळलेलं आणि तिखट शेवटी.

कोक घालू का?

घाला, तुमची रम आहे. फक्त मुरवलेल्या महागड्या बाटलीतला फणस, खोबरं, लवंग सगळं त्या गोडव्यात बुडून जाईल आणि उरेल ते नेलपॉलिश. मिसळायचंच असेल तर २० मिली रम, अर्ध्या लिंबाचा रस, चमचाभर गुळाचं पाणी, भरपूर बर्फ. जमैकन रमला लिंबू आणि गूळ जितके मानवतात, तितका कोला मानवत नाही.

कुणी या वाटेला जाऊच नये?

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं की मद्याची कुठलीही मात्रा आरोग्याला निर्धोक नाही. तेव्हा आजवर घेत नसाल तर हा लेख सुरुवातीचं निमित्त करू नका. गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, यकृताचा किंवा आम्लपित्ताचा जुना त्रास असलेले, आणि व्यसनातून बाहेर पडलेले यांनी एक थेंबही घेऊ नये. मेटफॉर्मिन, झोपेच्या गोळ्या, फिट्सची औषधं, मेट्रोनिडॅझोल यांपैकी काही चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ‘उद्या गोळी घेत नाही, आज बसतो’ हा उपाय नव्हे.

आणि गाडी नको. रक्तात १०० मिलीला ३० मिलीग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे. पहिल्या गुन्ह्याला १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. वारज्याच्या पुलापासून कोथरूडपर्यंतचं ‘जवळच तर जायचंय’ यातही तोच कायदा लागतो.

परवाना, विमान, गोवा, कँटीन

सर्वाधिक चुकीची माहिती या विषयावर फिरते.

- परवाना: महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. मद्य बाळगायला आणि प्यायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा वैयक्तिक परवाना लागतो, घरातही. वर्षाचा १०० रुपये, आजीवन १००० रुपये. अर्ज ऑनलाइन करता येतो. एकदा आजीवन काढून टाका आणि त्यावर लिहिलेली साठ्याची मर्यादा वाचून ठेवा.
- वय: रम, व्हिस्कीसारख्या मद्यासाठी २५ पूर्ण. २१ ची अट बिअर आणि वाइनची. एकवीस वर्षांच्या भाच्याला ‘नुसती चव’ देणंही यात बसत नाही.
- परदेशातून: प्रवाशामागे २ लिटर शुल्कमुक्त. हे दोन लिटर सर्व मद्यांचे मिळून. पावती जपून ठेवा. त्यापुढे सीमाशुल्क जबर आहे.
- विमानात: ७० टक्क्यांहून कडक बाटली नेताच येत नाही, चेक-इन सामानातही नाही. २४ ते ७० टक्के असेल तर माणशी पाच लिटरपर्यंत, मूळ बंद पॅकिंगमध्ये. ग्रेनाडातली रिव्हर अँटॉइन ही भट्टी आपली ७५ टक्क्यांची रम प्रवाशांसाठी मुद्दाम ६९ टक्क्यांवर आणून भरते, ती याच नियमापायी. मुंबई किंवा दिल्लीला उतरून पुण्याचं विमान धरायचं असेल, तर बाटली चेक-इन सामानात हलवा.
- गोव्याहून: तिथे विकत घेतलेली बाटली महाराष्ट्राच्या परवानगीशिवाय सीमेपलीकडे आणणं गुन्हा आहे. एकच होती, सीलबंद होती, हे सांगून सुटका होत नाही.
- कँटीनची बाटली: ती ज्याच्या कार्डावर घेतली त्याच्यासाठी. पुढे विकणं बेकायदा. शेजारच्या काकांना भीड घालू नका.
- घरची बैठक: मित्रांना बोलावून चाखणं ठीक, सगळ्यांकडे परवाना असावा. डोक्यामागे पैसे गोळा करून ‘टेस्टिंग’ ठेवलंत तर ती विक्री ठरू शकते, आणि विक्रीला वेगळा परवाना लागतो.

विकत घेताना तुमचे हक्क

दुकानातून सीलबंद बाटली घेत असाल तर छापील किमतीहून एक रुपयाही जास्त देणं लागत नाही. बिल मागा. आयात केलेल्या बाटलीवर आयातदाराचं नाव-पत्ता, भारतीय किंमत आणि मद्याबद्दलचा इशारा छापलेला किंवा चिकटवलेला हवा. जास्त पैसे मागितले तर वैधमापन विभागाकडे किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. बारमध्ये मात्र छापील किमतीचा आग्रह चालत नाही, सेवेचे पैसे ते वेगळे लावू शकतात. तिथे तुमचा हक्क दुसरा: बाटली टेबलावर आणून दाखवा, माप माझ्यासमोर भरा, असं नि:संकोच सांगा. अशा रमचा पेग महाग असतो आणि आधीच भरून आणलेल्या ग्लासात काय आहे, हे कळायला मार्ग नसतो.

फोनवर येणाऱ्या ‘ड्यूटी फ्री स्टॉक आहे, अर्ध्या किमतीत, घरपोच’ अशा निरोपांना उत्तरही देऊ नका. रिकाम्या परदेशी बाटल्यांना चांगला भाव मिळतो, तो शोभेसाठी नव्हे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. ती गावठी होती. पण मिथेनॉल बाटलीवरचं लेबल बघून वागत नाही. प्यायल्यावर काही तासांनी, किंवा दुसऱ्या दिवशी, नजर धूसर झाली, पोटात भयंकर दुखलं, धाप लागली तर झोपून बघू म्हणू नका. थेट मोठं रुग्णालय गाठा आणि काय प्यायलात ते स्पष्ट सांगा. संशयित बाटली बरोबर न्या.

उरलेली बाटली

रम बाटलीत मुरत नाही. मुरण्याचं काम पिंपात संपलं. नातवाच्या लग्नासाठी वीस वर्षं राखून ठेवलीत तर ती वीस वर्षांनी तीच रम असेल, फार तर थोडी उतरलेली.

बाटली उभीच ठेवा. वाइनसारखी आडवी केलीत तर साठ टक्के मद्य बुचाचा भुगा करतं. थेट ऊन नको, फ्रिजही नको. अंधारं कपाट उत्तम, वर लहान मुलांच्या हाताला न येणारा खण. पावसाळ्यात लेबलला बुरशी येते, कागदात गुंडाळून ठेवा. उघडलेली, अर्ध्याहून जास्त भरलेली बाटली वर्षभर सहज चांगली राहते. तळाशी चतकोर उरली की हवा जास्त, रम कमी. अशा वेळी औषधाची किंवा सरबताची छोटी काचेची बाटली उकळून, पूर्ण वाळवून तिच्यात काठोकाठ भरा. प्लास्टिकची नको. वर नाव, टक्का आणि तारीख लिहून चिकटवा, नाहीतर कुणीतरी केकात घालायचं इसेन्स समजून ती वापरून टाकेल. आमच्याकडे एकदा तसं झालंय. केक फार सुंदर झाला होता.